कालव्याच्या गावचा एडिसन

थॉमस अल्वा एडिसन हे नाव आपण सगळ्यांनीच तिसरी-चौथीत ऐकलेलं असतं. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये तर जिन्यापाशी त्याचा तक्ताच लावलेला होता. पांढरे केस, हातात बल्ब. हजारो वेळा अपयश आलं तरी त्याने जिद्द सोडली नाही, म्हणून मुलींनो, तुम्हीही सोडू नका, असं टीचर सांगायच्या. इंजिनिअरिंगला आल्यावर मात्र आणखी एक एडिसन भेटतो. तो टेस्लाचा वैरी, दुसऱ्याच्या कल्पना ढापणारा, पैशाच्या मागे लागलेला. होस्टेलवर मेसमधून परतताना या विषयावर झालेली भांडणं मी स्वतः ऐकली आहेत. अर्धी विंग टेस्लाच्या बाजूने, उरलेली अर्धी झोपायला उत्सुक!

मला स्वतःला हे दोन्ही एडिसन अर्धवट वाटतात. तसं वाटायला कारण ठरलं त्याचं जन्मगाव.

अमेरिकेच्या ओहायो राज्यात, ईरी सरोवरापासून काही मैल आत, मायलन नावाचं गाव आहे. स्पेलिंग इटलीतल्या मिलानचंच, पण तिथे मिलान म्हटलं की लोक हसतात. वस्ती दीड हजारसुद्धा नाही. माझी मावशी क्लीव्हलंडच्या बाजूला राहते, म्हणून सुट्टीत तिकडे जाण्याचा योग आला. त्या भागात जाणारे बहुतेक लोक जवळच्या सँडस्कीला, सीडर पॉइंटच्या मोठमोठ्या रोलर कोस्टरवर बसायला जातात. आम्हीही त्यासाठीच निघालो होतो. इलेक्ट्रिकलची विद्यार्थिनी बरोबर आहे म्हटल्यावर काकांनी गाडी आधी मायलनकडे वळवली.

एडिसनचं घर पाहून पहिल्यांदा थोडी निराशाच होते. टेकाडाच्या कडेला बांधलेलं लाल विटांचं लहानसं घर. समोरून बैठं वाटतं, मागच्या उतारावर एक मजला खाली उतरतो आणि तिथे स्वयंपाकघर आहे. बसायच्या खोलीला लागून एक चिमुकली खोली आहे. तिथे ११ फेब्रुवारी १८४७ रोजी एडिसन जन्मला. मार्गदर्शक बाई एकेक वस्तू दाखवत होत्या. फोनोग्राफ, जुने दिवे, घरच्यांच्या वापरातल्या वस्तू. पण माझं लक्ष गेलं ते घरामागच्या उताराकडे. खाली सखल हिरवी जागा होती. एकेकाळी तिथे जहाजं लागत असत, असं बाई म्हणाल्या. समुद्र तर सोडाच, सरोवरसुद्धा नजरेच्या टप्प्यात नाही, आणि जहाजं?

त्याच रस्त्यावर गावाचं दुसरं म्युझियम आहे, मायलन हिस्टॉरिकल म्युझियम. डॉक्टर गॅल्पिन यांच्या जुन्या घराभोवती ते उभं राहिलं. एडिसनच्या जन्माच्या वेळी हेच डॉक्टर होते असं सांगतात. काचेची सुंदर भांडी, बाहुल्या, जुन्या पद्धतीचं किराणा दुकान, लोहाराचं दुकान असं बरंच काही तिथे आहे. एका खेड्याकडे इतक्या वस्तू कुठून आल्या, हा प्रश्न पडतो. उत्तर एकच. हे गाव कधीकाळी श्रीमंत होतं!

गोष्ट अशी. मायलनच्या आसपासच्या शेतांत गहू उदंड पिकायचा, पण तो बाजारात पोचवायचा कसा? गावकऱ्यांनी पैसे काढले आणि ह्युरॉन नदीच्या खोल पाण्यापर्यंत सुमारे तीन मैलांचा कालवा खणला. १८३९ साली तो सुरू झाला. नदीतून पुढे ईरी सरोवर आणि तिथून सगळा पूर्व किनारा खुला झाला. हंगामात दिवसाला शेकडो गाड्या धान्य घेऊन गावात येऊ लागल्या. कालव्याकाठी कोठारं उभी राहिली, जहाजबांधणी सुरू झाली. १८४० च्या दशकात हे आडगाव गव्हाचं एक नावाजलेलं बंदर होतं.

याच भरभराटीच्या ओढीने एडिसनचे वडील सॅम्युअल इथे आले. मूळ मुक्काम कॅनडा. तिथे १८३७ साली सरकारविरुद्ध झालेल्या बंडात ते सामील होते. बंड फसलं, आणि पकडलं जाऊ नये म्हणून ते सीमा ओलांडून पळाले. मायलनमध्ये त्यांनी छपरावर घालायच्या लाकडी फळ्या तयार करायचा धंदा काढला. मागाहून पत्नी नॅन्सी आणि मुलं आली, १८४१ मध्ये हे घर बांधलं. सात भावंडांत थॉमस सगळ्यांत धाकटा. त्यातली तिघं लहानपणीच गेली.

घरात त्याला अल म्हणत. कालवा, कोठारं आणि जहाजांचे कारखाने हेच त्याचं खेळायचं मैदान. कसं चालतं, का चालतं, असे प्रश्न विचारून तो लोकांना भंडावून सोडायचा. एकदा आग काय करते ते बघायला म्हणून वडिलांच्या गोठ्यात जाळ केला, गोठा जळाला, आणि वडिलांनी त्याला गावासमोर चोपून काढलं, असं सांगितलं जातं. म्हणजे पहिलं प्रॅक्टिकल फेल आणि व्हायवा थेट चौकात!

पण कालव्याचं सुख फार टिकणार नव्हतं. रेल्वे येत होती. रेल्वे कंपनीने मायलनला विचारलं, तेव्हा गावाने तिला हवं ते सहकार्य केलं नाही. आपला कालवा आहे, त्यात आपला पैसा गुंतला आहे, तो चांगला चालतो आहे, मग रेल्वे कशाला? मग रेल्वे शेजारच्या नॉरवॉकवरून गेली, आणि १८५३ मध्ये त्या मार्गावर गाड्या धावू लागल्या. गव्हाच्या गाड्यांनी तिकडचा रस्ता धरला. बघता बघता मायलनचं बंदर ओस पडत गेलं. १८६८ च्या पुरात कालव्याचा बंधारा फुटला. पुढे तर कालव्याच्या काठाची वाट रेल्वेलाच द्यायची वेळ आली. ज्या पाहुण्याला दारातून परत पाठवलं, त्यालाच शेवटी घर भाड्याने दिल्यासारखं!

सॅम्युअलचा धंदाही बसला. १८५४ मध्ये एडिसन कुटुंब घर विकून मिशिगनमधल्या पोर्ट ह्युरॉनला गेलं. अल तेव्हा सात वर्षांचा होता.

आता पुढचा योगायोग बघा. ज्या रेल्वेने त्याचं गाव बसवलं, तिनेच त्याला उभं केलं. पोर्ट ह्युरॉनच्या शाळेत तो जेमतेम काही महिने टिकला. मास्तरांनी त्याला मठ्ठ ठरवलं, तेव्हा आई चिडून त्याला घरी घेऊन आली. नॅन्सी पूर्वी शिक्षिका होती. तिनेच त्याला शिकवलं आणि वाचायची गोडी लावली. १८५९ मध्ये, बाराव्या वर्षी, तो पोर्ट ह्युरॉन ते डेट्रॉइट या गाडीत पेपर आणि खाऊ विकू लागला. गाडीतल्या सामानाच्या डब्यातच त्याने केमिस्ट्रीची लॅब थाटली. १८६२ मध्ये तिथेच एक लहान छापयंत्र बसवून स्वतःचं साप्ताहिक काढलं.

याच सुमारास त्याला ऐकू कमी येऊ लागलं, आणि ते वाढतच गेलं. पण डोकं कसं चालायचं बघा. एप्रिल १८६२ मध्ये यादवी युद्धातली शायलोची भीषण लढाई झाली. त्याने डेट्रॉइटहून पुढच्या स्टेशनांवर तारेने बातमीचा मथळा आधीच पाठवायची व्यवस्था केली आणि पेपरच्या हजार प्रती उधारीवर उचलल्या. प्रत्येक स्टेशनवर गर्दी, आणि पुढच्या प्रत्येक स्टेशनवर वाढलेली किंमत! तारयंत्रात काय ताकद आहे ते पंधरा वर्षांच्या पोराला त्या दिवशी कळलं. त्याच वर्षी माउंट क्लेमन्स स्टेशनवर रुळांत आलेल्या एका लहान मुलाला त्याने वाचवलं. तो स्टेशनमास्तरचा मुलगा निघाला. उपकाराची फेड म्हणून मास्तरांनी त्याला तारायंत्राचं काम शिकवलं.

त्यानंतर पाच-सहा वर्षं तार ऑपरेटर म्हणून गावोगाव भटकंती. १८६९ मध्ये पहिलं पेटंट मिळालं, विधिमंडळातली मतं विजेवर मोजायचं यंत्र. यंत्र उत्तम चालत होतं, पण पुढाऱ्यांना मतमोजणी झटपट नकोच होती. लोकांना जे हवं आहे तेच करायचं, हा धडा त्याने तिथून घेतला. न्यूयॉर्कला येऊन शेअर बाजाराचे भाव छापणारी यंत्रं सुधारली, पैसा मिळवला, आणि १८७६ मध्ये न्यू जर्सीतल्या मेन्लो पार्क या खेड्यात स्वतःची प्रयोगशाळा काढली. माझ्या मते हाच त्याचा सर्वांत मोठा शोध. शोध लावण्याचा कारखाना! गणिती, यंत्रकार, काच फुंकणारा कारागीर, सगळे एका छपराखाली. १८७७ च्या अखेरीस तिथे फोनोग्राफ बोलला आणि एडिसन जगप्रसिद्ध झाला.

मग आला बल्ब. खरं सांगायचं तर विजेचा दिवा एडिसनच्या आधीही होता. इंग्लंडमध्ये जोसेफ स्वान त्याच मागे लागला होता. एडिसनचं वेगळेपण असं की त्याने दिव्याकडे एकटा दिवा म्हणून पाहिलंच नाही. दिव्याबरोबर तार, डायनॅमो, मीटर, फ्यूज, सॉकेट हे सगळं लागणार होतं. फर्स्ट इयरच्या बेसिक इलेक्ट्रिकलमध्ये आपण आय स्क्वेअर आर घोकतो, त्याचीच ही गोष्ट आहे. फिलामेंटचा रेझिस्टन्स कमी ठेवला तर करंट भरपूर लागतो, आणि तेवढा करंट वाहायला तांब्याच्या इतक्या जाड तारा लागतील की कंपनी पहिल्याच गल्लीत बुडेल. म्हणून त्याला शंभरेक ओहमचा, बारीक आणि टिकाऊ फिलामेंट हवा होता. हा हिशोब मांडायला फ्रान्सिस अप्टन हा त्याचा गणिती सहकारी होताच. ऑक्टोबर १८७९ मध्ये कार्बन केलेल्या सुती धाग्याचा दिवा तासन्‌तास जळला. पुढे धागा गेला, पुठ्ठा आला. पुठ्ठा गेला, बांबू आला. बांबूचे दिवे हजार तासांवर चालू लागले. ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरचं वीजकेंद्र सुरू झालं. ११० व्होल्ट डी.सी., जमिनीखालून तारा, पहिल्या दिवशी चारशेच्या आसपास दिवे.

इथपर्यंतचा एडिसन म्हणजे शाळेच्या तक्त्यावरचा एडिसन. माझ्या मते खरी परीक्षा यापुढेच आहे.

पर्ल स्ट्रीटची एक अडचण होती. ११० व्होल्टवर वीज मैलभराच्या पलीकडे नेणं परवडत नव्हतं. म्हणजे शहरात मैलामैलावर कोळशाचं केंद्र हवं. व्होल्टेज दहापट वाढवलं तर तेवढ्याच पॉवरला करंट दहा पटींनी कमी होतो आणि तारेतला लॉस शंभर पटींनी. पण डी.सी.चं व्होल्टेज सहज वाढवायचं, कमी करायचं साधन त्या काळी नव्हतं. ए.सी.साठी ते होतं, ट्रान्सफॉर्मर. मार्च १८८६ मध्ये विल्यम स्टॅन्लीने ग्रेट बॅरिंग्टन या गावात ट्रान्सफॉर्मर वापरून ए.सी.चे दिवे लावून दाखवले. त्याच्यामागे जॉर्ज वेस्टिंगहाउसचा पैसा होता. पुढे १८८८ मध्ये निकोला टेस्लाच्या मोटरची पेटंटंही वेस्टिंगहाउसने घेतली. हा टेस्ला काही वर्षांपूर्वी एडिसनच्याच कंपनीत कामाला होता.

म्हणजे रेल्वे दारात येऊन उभी होती.

आणि एडिसनने काय केलं? मायलनने केलं तेच. कालवा धरून बसला. डी.सी.त त्याची केंद्रं होती, कारखाने होते, पैसा होता, नाव होतं. ए.सी. जीवघेणी आहे असा प्रचार सुरू झाला. हॅरोल्ड ब्राऊन नावाच्या इंजिनिअरला एडिसनने आपली प्रयोगशाळा वापरू दिली. १८८८ मध्ये तिथे ए.सी.चा शॉक देऊन कुत्री, वासरं, एक घोडासुद्धा मारून दाखवण्यात आला. देहदंडासाठी ए.सी. योग्य, असा सल्लाही एडिसनने दिला. ६ ऑगस्ट १८९० रोजी विल्यम केमलर या कैद्याला विजेच्या खुर्चीवर बसवलं. पहिल्या झटक्यात तो मेला नाही, दुसरा द्यावा लागला. हे वाचताना मला जिन्यापाशी लावलेला तक्ता आठवला आणि कसंसंच झालं.

त्याची भीती अगदीच खोटी होती असं नाही. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर लोंबकळणाऱ्या उच्च दाबाच्या तारांनी माणसं खरंच मरत होती. पण यावर उपाय चांगलं इन्सुलेशन आणि नियम हा होता. ए.सी.ला हद्दपार करणं हा उपाय नव्हता. १८९२ मध्ये त्याची कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली आणि जनरल इलेक्ट्रिक तयार झाली. नावातून एडिसन गेला. पुढच्या वर्षी शिकागोचं जागतिक प्रदर्शन वेस्टिंगहाउसच्या ए.सी.ने उजळलं. १८९६ मध्ये नायगाराची वीज ए.सी.वरून बफेलो शहरात पोचली. झालं, निकाल लागला.

बरं, हे एकदाच झालं का? तर नाही. फोनोग्राफचंही तेच. सगळं जग सपाट तबकडीकडे वळलं, तरी एडिसन आपला गोल नळकांडीवाला रेकॉर्ड धरून होता. त्याची तबकडी बाजारात यायला १९१२ उजाडलं. पुढे रेडिओ आला, तोही त्याला पटला नाही. १९२९ मध्ये कंपनीने रेकॉर्डचा धंदा बंद केला.

मग धागा सोडला, पुठ्ठा सोडला, त्याच माणसाला डी.सी. का सोडवली नाही? मला वाटतं, फेल गेलेला प्रयोग सोडायला फारसं काही लागत नाही. जर्नलमध्ये लिहायचं आणि पुढे जायचं. अवघड असतं ते चालू असलेलं, यशस्वी झालेलं, ज्यावर आपलं नाव कोरलं आहे ते सोडणं. मायलनचे लोक मूर्ख नव्हते. ज्या वर्षी गहू धोधो येतो आहे, त्या वर्षी कालवा जुना झाला असं कोण म्हणेल? शाळेतल्या टीचर जिद्द सोडू नका म्हणायच्या. ते खरंच आहे, पण अर्धंच. जिद्द कुठे धरायची हे एडिसनच्या अर्ध्या आयुष्यातून शिकावं आणि कुठे सोडायची हे उरलेल्या अर्ध्यातून.

डी.सी.चा शेवट मात्र तिथे झाला नाही. न्यूयॉर्कमधला जुन्या पद्धतीचा डी.सी. पुरवठा थेट नोव्हेंबर २००७ पर्यंत थोडाफार चालू होता. आणि आपल्याच महाराष्ट्रात १९९९ पासून चंद्रपूरची वीज मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत साडेसातशे किलोमीटर डी.सी.ने येते, तीही पाच लाख व्होल्टच्या लाइनवर! एडिसनला ज्या साधनाची उणीव होती, ती पॉवर इलेक्ट्रॉनिक्सने भरून काढली. म्हणून काही तो त्या वेळी बरोबर होता असं होत नाही. तंत्रज्ञान कायमचं चूक किंवा बरोबर नसतं, हातात कोणती साधनं आहेत त्यावर ते ठरतं, इतकंच.

मायलनचं घर त्याची बहीण मॅरियनने १८९४ मध्ये परत विकत घेतलं आणि १९०६ मध्ये ते एडिसनच्या नावावर झालं. १९२३ साली शहात्तर वर्षांचा एडिसन शेवटचा तिथे गेला. तेव्हा त्याला काय दिसलं? विजेच्या दिव्यांनी जग उजळणाऱ्या माणसाचं घर अजून रॉकेलच्या दिव्यांवर आणि मेणबत्त्यांवर होतं! १९४७ मध्ये, त्याच्या जन्मशताब्दीला, ते घर म्युझियम म्हणून सगळ्यांना खुलं झालं.

१८ ऑक्टोबर १९३१ रोजी एडिसन गेला. नावावर १,०९३ अमेरिकन पेटंटं होती. श्रद्धांजली म्हणून देशभरची वीज मिनिटभर बंद ठेवावी अशी कल्पना पुढे आली होती. पण दवाखाने, पंप, लिफ्ट, सगळं विजेवर आलेलं. मिनिटभरही वीज बंद करणं शक्य नव्हतं, इतकी ती लोकांच्या जगण्यात शिरली होती. शेवटी २१ तारखेच्या रात्री लोकांनी आपापल्या घरातले दिवे तेवढे मालवले. त्यातल्या बहुतेक दिव्यांतून ए.सी. वाहत होती.

तृतीय वर्ष, विद्युत अभियांत्रिकी